कोल्हापूरचा हिवाळा आणि हवेचं मानक: एक प्रकरण अभ्यास

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेचं राष्ट्रीय मानक वर्षानुवर्षं न गाठलेल्या शहरांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत मुंबई, पुणे, नागपूरबरोबर कोल्हापूर आणि सांगलीही आहेत. इथल्या अनेकांना हे पटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांचं शहर, पश्चिमेला सह्याद्री, चार महिने पाऊस, भोवती उसाचे मळे. मुंबई-दिल्लीसारखं काळवंडलेलं आकाश इथे दिसत नाही. तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे पंचगंगेच्या काठाला धुक्यात मिसळलेला जो धूर साचतो, तो इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: कोल्हापूरचा खरा त्रास हिवाळ्यातल्या बारीक धुराचा आहे, आणि आजचं मानक व आजची मोजणी तो धूर वर्षाच्या सरासरीत विरघळवून टाकतात. मानक कडक करायचंच आहे. पण ते नेमकं कुठे कडक केलं तर या शहराला उपयोग होईल, ते आकडे मांडूनच ठरवावं लागेल.

मोजणी कशी होते

शहरात हाताने नमुने घेण्याची जुनी केंद्रं तीन: शिवाजी विद्यापीठाचा परिसर, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड. राष्ट्रीय मोजणी कार्यक्रमाप्रमाणे प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, चोवीस तास नमुना घ्यायचा. वर्षाला १०४ नमुने झाले की वार्षिक सरासरी ग्राह्य.

पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते मोजणारं यंत्र मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतं. आतला सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवणारा भाग, जाड कण खाली पाडतो, बारीक कण २० बाय २५ सेंटिमीटरच्या काचतंतूच्या फिल्टरवर बसतात. दर आठ तासांनी फिल्टर बदलायचा. आठ तासांत ५२८ घनमीटर हवा गेली आणि फिल्टरचं वजन ६३.४ मिलिग्रॅमने वाढलं, तर हवेत घनमीटरमागे १२० मायक्रोग्रॅम धूळ.

गडबड होते ती इथेच. आठ तासांच्या पाळीत वीज तीन तास गेली, तर हवा ३३० घनमीटरच गेलेली असते. यंत्रावरच्या तासमापकाऐवजी घड्याळाची वेळ लिहून ५२८ ने भागलं, की १२० चा आकडा ७५ होतो. पीएम १० ची दिवसाची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, त्या मर्यादेबाहेरची हवा कागदावर मर्यादेत येते, आणि यात कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की प्रवाह घटतो. फिल्टर भरत जातो तसाही घटतो. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही प्रवाह लिहून त्यांची सरासरी घ्यावी लागते. फिल्टर काढताना त्याच्या कडेचे तंतू रबरी गॅस्केटला चिकटून राहिले, तर तेवढं वजन गेलं आणि हवा तेवढी ‘स्वच्छ’ झाली.

पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, यांचं काम तर फारच नाजूक आहे. यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा घेतं, दिवसभरात मिळून २४ घनमीटर. फिल्टर ४७ मिलिमीटर व्यासाचा. हवा दिवसाच्या ६० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर असेल तर त्या फिल्टरवर दिवसभरात १.४४ मिलिग्रॅम एवढंच जमतं. फिल्टर वजनाआधी आणि वजनानंतर चोवीस तास एकाच तापमानाच्या, कमी दमट खोलीत ठेवला नाही, तर तो स्वतःच ओल धरतो. ०.०५ मिलिग्रॅमची चूक म्हणजे दोन मायक्रोग्रॅमचा फरक. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे सांभाळायला वातानुकूलित वजनखोली आणि स्थिर विद्युत उतरवण्याची सोय लागते.

हवा ओढण्याचं तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंच असावं असा संकेत आहे. महाद्वार रोडवर माणूस श्वास घेतो तो दीड मीटरवर. दोन्ही बाजूंना चिकटून इमारती, मधे रिक्षा, दुचाकी आणि भाविकांच्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा बोळात धूर वर जायला वाव कमी, त्यामुळे खालची हवा वरच्यापेक्षा वाईट असते. गच्चीवरचा आकडा खोटा नसतो, पण तो दुकानदाराच्या नाकाजवळचाही नसतो.

सरासरीत हिवाळा कुठे जातो

आजचं मानक १८ नोव्हेंबर २००९ चं आहे. पीएम १० साठी वार्षिक मर्यादा ६० आणि चोवीस तासांची १०० मायक्रोग्रॅम. पीएम २.५ साठी वार्षिक ४० आणि चोवीस तासांची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये आपले मार्गदर्शक आकडे आणखी खाली आणले: पीएम २.५ साठी वार्षिक ५ आणि दिवसाचा १५, पीएम १० साठी वार्षिक १५ आणि दिवसाचा ४५. त्याच संघटनेने मागे असलेल्या देशांसाठी टप्पेही दिले आहेत. पीएम २.५ चा अगदी पहिला, सर्वांत ढिला वार्षिक टप्पा ३५ आहे. आपलं मानक ४०. म्हणजे आपण शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवलेला नाही.

आता कोल्हापूरचं ऋतुचक्र या मानकात बसवून पाहू. जून ते सप्टेंबर पाऊस आणि पश्चिमेचा वारा हवा धुऊन काढतात. समजा त्या चार महिन्यांत पीएम १० सरासरी ३५ राहिलं आणि उरलेले आठ महिने ७२.५. वर्षाची सरासरी बरोबर ६०, शहर उत्तीर्ण. त्या आठ महिन्यांतले डिसेंबर-जानेवारी कितीही वाईट गेले असोत, मार्च-एप्रिलच्या वाऱ्याने आणि पावसाने ते भरून निघतात. कोरड्या प्रदेशातल्या शहराला ही सवलत मिळत नाही. पावसाच्या पट्ट्यातल्या शहरांसाठी ऋतुनिहाय मर्यादा हवी, असं आमचं मत आहे. निदान कोरड्या महिन्यांची सरासरी वेगळी प्रसिद्ध व्हायला हवी.

दिवसाच्या सरासरीतही हेच होतं. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर पंचगंगेच्या खोऱ्यात खालीच कोंडतो. ऊन चढेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, तो हलत नाही. समजा पहाटेच्या आणि सकाळच्या सहा तासांत पीएम २.५ होतं १२०, उरलेल्या अठरा तासांत ४०. चोवीस तासांची सरासरी ६० येते. मर्यादा पाळली गेली, आणि हवेचा दर्जा एका आकड्यात सांगणाऱ्या हवा निर्देशांकावर शंभर, म्हणजे ‘समाधानकारक’. नेमक्या त्याच सहा तासांत रंकाळ्यावर फिरणारे बाहेर असतात, शाळेच्या रिक्षा भरतात आणि तालमींत जोर-बैठका चालू असतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, मेहनत करणारा पैलवान चाळीस-पन्नास लिटर सहज. त्याच्या छातीत जाणारा धूर कोणत्याच सरासरीत येत नाही.

निर्देशांकातली आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पीएम १० चं प्रमाण १०१ ते २५० मध्ये असेल तर पाटीवर ‘मध्यम’ असा शब्द येतो. दिवसाच्या मर्यादेच्या अडीचपट धूळ, आणि शब्द ‘मध्यम’. दम्याच्या रुग्णाच्या घरी हा शब्द वाचून कुणी खिडकी लावणार नाही.

धूळ झाडून धूर जात नाही

राष्ट्रीय कार्यक्रमाचं सुधारित लक्ष्य २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत पीएम १० चाळीस टक्क्यांनी खाली आणणं किंवा मानक गाठणं असं ठरलं, आणि शहरांची प्रगती पीएम १० वरच जोखली गेली. इथे सगळी गणितं फिरतात. १० मायक्रॉनच्या एका कणाचं वजन २.५ मायक्रॉनच्या ६४ कणांएवढं असतं. रस्त्याची माती, खडीची भुकटी हे जाड कण, वजनाला भारी. भट्टीचा, इंजिनाचा, कचऱ्याचा धूर बारीक, वजनाला हलका, पण तोच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. वजनावर गुण मिळणार असतील तर महापालिका झाडूचं यंत्र घेईल, भट्टीकडे जाणार नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये देशभरच्या खर्चाचा आढावा घेतला तेव्हा ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर आणि जेमतेम ०.६१ टक्के उद्योगांच्या प्रदूषणावर गेल्याचं दिसलं. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांच्या, शहरासाठी हा दुसरा आकडा काळजी वाढवणारा आहे.

धूळ कमी करायला नको असं कुणी म्हणणार नाही. पण तीही नीट करायची तर सुरुवात गटारीपासून करावी. गटारीतला गाळ काढून कडेला ढीग लावला जातो, दोन दिवसांत तो वाळतो, आणि उचलायची गाडी येईपर्यंत चाकांनी त्याचं पीठ होऊन अर्धा रस्त्यावर पसरलेला असतो. गाळ ओला असतानाच, त्याच दिवशी उचलला पाहिजे. डांबराच्या कडेची कच्ची साइडपट्टी हा धुळीचा दुसरा कारखाना. रस्त्यावरच्या एक चौरस मीटरमधली ७५ मायक्रॉनखालची माती वजन करून ‘सिल्ट लोडिंग’ काढतात. उडणारी धूळ त्या आकड्याच्या ०.९१ घातांकाने बदलते, म्हणजे माती निम्मी केली तर धूळ साधारण ४७ टक्के उतरते. साइडपट्टीला पेव्हिंग ब्लॉक किंवा गवत लावण्याआधी आणि नंतर हे वजन घेतलं, तरच पैसा कामी आला का ते कळेल.

बांधकामासाठी तर नियम तयारच आहेत. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार माती-वाळू उघडी ठेवता येत नाही, उघड्यावर फरशी कापता येत नाही, आणि इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त दहा मीटर, वाराअडथळा लावावा लागतो. बांधकाम परवान्याच्या अटींत हे छापून, जोत्याचा दाखला देताना तपासलं तरी पुष्कळ होईल.

फाउंड्री: ४५० आणि १५०

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शहराच्या पोटातलं शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिन, पंप, वाहनांचे सुटे भाग यांच्या ओतकामावर या जिल्ह्यातली हजारो घरं चालतात. त्यामुळे फाउंड्रीचा विषय काढला की कामगारालाही पोटात गोळा येतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणूनच इथे आकडे स्वच्छ मांडले पाहिजेत.

पर्यावरण संरक्षण नियमांत क्युपोला भट्टीसाठी, म्हणजे कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीसाठी, दोन मर्यादा आहेत. तासाला तीन टन किंवा जास्त वितळवणाऱ्या भट्टीला धूलिकण १५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, तीन टनांखालच्या भट्टीला ४५०. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसलाही १५०. लहान उद्योगाला दिलेली सवलत म्हणून हे समजण्यासारखं आहे, पण एकाच वसाहतीत दाटीने वसलेल्या छोट्या भट्ट्या मिळून मोठ्या होतात, याची दखल त्या आकड्यात नाही. तासाला ४,००० घनमीटर वायू सोडणारी एक भट्टी धरू. ४५० च्या मर्यादेवर ती तासाला १.८ किलो धूळ सोडते, आठ तासांत १४.४ किलो. १५० वर तीच ४.८ किलो. शेजारी अशा दहा भट्ट्या असतील तर फरक दिवसाला ९६ किलोचा. सगळ्याच भट्ट्या मर्यादेत, आणि त्यावर वसाहतीचं मिळून बंधन काहीच नाही.

मिलिग्रॅमच्या मर्यादेला एक पळवाटही आहे. भट्टीत माल टाकायचं चार्जिंगचं दार उघडं राहिलं की बाहेरची हवा धुराड्यात शिरते, वायू पातळ होतो, घनमीटरमागचं प्रमाण घटतं. किलो मात्र तेवढेच राहतात. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगाला देतं त्या संमतीपत्रात प्रमाणाबरोबर वितळवलेल्या टनामागे किती किलो धूळ, हेही लिहिलं पाहिजे.

चाचणी कधी घेतात, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. क्युपोला पेटवताना लाकूड, मग कोकचा थर, हवा हळूहळू वाढवायची. या पहिल्या तासा-दीड तासात धूर सर्वांत दाट असतो. तेलकट बोरिंग (यंत्रकामातला लोखंडाचा कीस) किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भंगार भट्टीच्या मालात गेलं की निळसर-पांढरा धूर निघतो, त्यात झिंक ऑक्साइड असतं, मायक्रॉनपेक्षाही बारीक. धुराड्याचा नमुना मात्र भट्टी स्थिर झाल्यावर घेतला जातो. नमुन्याचं छिद्र वळणापासून किंवा अडथळ्यापासून पुढे आठ व्यास आणि वरच्या टोकाच्या खाली दोन व्यास असायला हवं. लहान शेडमध्ये तेवढी सरळ लांबी नसली की वेग सगळीकडे सारखा मिळत नाही आणि आकडा डळमळीत येतो.

गाळणी कोणती बसवली आहे हा पुढचा प्रश्न. नुसता सायक्लोन दहा मायक्रॉनवरचे कण पकडतो, धूर त्यातून सरळ जातो. पाण्याच्या फवाऱ्याने वायू धुणारा वेट स्क्रबर बरा, पण गंधकामुळे पाणी आम्लधर्मी होतं, चुना टाकून पीएच राखला नाही तर पंपाचा इम्पेलर आणि पत्रा खाऊन टाकतं, आणि गाळ कुठे न्यायचा हा प्रश्न उरतो. कापडी पिशव्यांतून वायू गाळणारा बॅगफिल्टर सर्वांत चांगला, बारीक धुरासाठी खरा उपाय तोच. त्याला दोन गोष्टी सहन होत नाहीत, ठिणगी आणि ओल. पॉलिएस्टरच्या पिशव्या साधारण १३० अंशांपुढे टिकत नाहीत, म्हणून आधी ठिणगीरोधक आणि गारवा देणारी नळी लागते. वायू फार गार झाला तर वाफ जमून पिशवीवर चिखल बसतो. पिशव्यांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या आसपास राहायला हवा. तो अचानक खाली आला तर पिशवी फाटली, वर चढत राहिला तर चोंदली. हा मापक आणि गाळणी टाळून वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, म्हणजे बायपास डँपरचं, सील, या दोन गोष्टी तपासनीसाने दर भेटीत पाहिल्या तर वर्षातून एकदा घेतलेल्या नमुन्यापेक्षा जास्त कळेल.

मोल्डिंगच्या वाळूची, नॉकआउटची (साचा फोडण्याची) आणि फेटलिंगची (ओतकाम घासून साफ करण्याची) धूळ धुराड्यातून जातच नाही. ती छपराच्या फटींतून जाते, आणि आधी कामगाराच्या छातीत. तिच्यात सिलिका असते.

गुऱ्हाळ, पाचट, कचरा

ऊसपट्ट्यातली गुऱ्हाळं ऑक्टोबरपासून पेटतात, नेमकी हवेचं झाकण बसायच्या दिवसांत. चुलवणात चिपाड वाळलेलं गेलं तर धूर विरळ. चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. अवकाळी पावसाने ते वाळलं नाही की काहिलीला ताव लागत नाही, चिपाड जास्त जातं आणि काळा धूर शिवारभर पसरतो. चिपाडाच्या ढिगाला ताडपत्री, चुलवणाला जाळी आणि हवेचा वेगळा झरोका, एवढ्याने इंधनही वाचतं. शेतकऱ्याला दंडापेक्षा याचं अर्थसाहाय्य दिलं तर फरक पडेल. पाचटाचंही तसंच. खोडव्यात सरीआड पाचट ठेवणाऱ्यांची संख्या वाढते आहे, पण तोडणी लवकर व्हावी म्हणून फड पेटवण्याची सवय सुटलेली नाही.

साखर कारखान्यांच्या बॉयलरला मात्र २०१६ च्या अधिसूचनेने सरसकट १५० मिलिग्रॅमची मर्यादा आली. त्याआधी बॉयलरच्या प्रकारानुसार २५० पासून ८०० पर्यंत मुभा होती. मर्यादा कडक झाली, गाळप थांबलं नाही.

कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरच्या, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवरच्या, कचऱ्याला लागणारी आग विझवण्याचा उपाय पाण्याचा बंब नव्हे. साठलेल्या ढिगात मिथेन तयार होतो, पाणी वरचा थर भिजवतं आणि आत धुमसत राहतं. जुना कचरा बायोमायनिंगने, म्हणजे ढीग उकरून, चाळून, वेगळा करून संपवणं आणि नवा वर्गीकरण करून घेणं, हेच काम आहे. होळी लहान करून शेणी पंचगंगा स्मशानभूमीला दान देणाऱ्या या शहराला कचरा न जाळण्याची गोष्ट समजावणं अवघड नसावं.

कडक करायचं ते कुठे

हवेचं राष्ट्रीय मानक बदलणं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हातात आहे. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० वरून आधी ३५ आणि मग २५ वर, तारखा जाहीर करून आणावी. शहराचे गुण पीएम १० ऐवजी पीएम २.५ वर द्यावेत. कोरड्या महिन्यांची सरासरी स्वतंत्र धरावी.

पण कोल्हापूरला त्यासाठी थांबायची गरज नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतला ३(२) हा नियम राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला एखाद्या उद्योगासाठी, तिथल्या परिस्थितीनुसार, कारणं नोंदवून राष्ट्रीय मर्यादेपेक्षा कडक मर्यादा घालण्याचा अधिकार देतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या तीन टनांखालच्या क्युपोलांना १५० ची मर्यादा याच नियमाने घालता येते. शिरोली शहराच्या ईशान्येला आहे आणि हिवाळ्यातला वारा बहुतांशी पूर्व-ईशान्येचा, म्हणून सुरुवात तिथून व्हावी.

२००९ च्या अधिसूचनेच्या तळाला आणखी एक वाक्य आहे, जे फार थोडे जण वापरतात. मोजणीच्या सलग दोन दिवशी मर्यादा ओलांडली गेली, तर नियमित किंवा अखंड मोजणी आणि अधिक तपास सुरू करायला तेवढं कारण पुरेसं आहे. महाद्वार रोडचा मंगळवारचा आणि त्यानंतरचा शुक्रवारचा आकडा शंभराच्या वर असेल, तर ते दोन आकडे आणि या तरतुदीचा उल्लेख करून राज्य मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला अर्ज देता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे सगळे नमुने तारीख, केंद्र, यंत्र प्रत्यक्ष किती तास चाललं आणि प्रवाह किती होता यांसह मागावेत. नुसती सरासरी घेऊ नये.

छोट्या फाउंड्रीला अठरा महिन्यांची मुदत, तीन-चार भट्ट्यांना मिळून एक बॅगफिल्टर बसवायची परवानगी आणि व्याजात सवलत, हे आदेशाबरोबरच जाहीर व्हायला हवं. मुदत संपल्यावरची पहिली चाचणी भट्टी पेटवल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत घ्यावी, आणि दाबमापकाची नोंदवही तिच्यासोबत जोडावी.